तळ्याकाठचे फोटो आणि गहाण पडलेला फ्लॅट

जुलै आला की हा वाद ठरल्यासारखा निघतो. बर्लिनमध्ये शिकणाऱ्या कुणा मराठी मुलामुलींचे तळ्याकाठचे फोटो फिरतात, केस ओले, हातात आइस्क्रीम, आणि खाली काका-मामा मंडळींची रांग लागते. 'बापाने फ्लॅट गहाण ठेवलाय आणि चिरंजीव डुंबतायत.' 'शिकायला पाठवलंय की हुंदडायला?' मग हमखास कुणीतरी जुन्यांचा दाखला काढतो : आधीच्या पिढ्या पावाच्या तुकड्यावर राहून शिकल्या, यांना मात्र दर शनिवारी पिकनिक लागते. कुणी युरोचा भाव सांगतो, कुणी 'देशाने घडवलं आणि हे पळाले' हा जुना राग आळवतो. दोन दिवसांनी सगळे शांत होतात. डिसेंबरात ख्रिसमसच्या बाजाराचे फोटो आले की पुन्हा सुरू.

बर्लिनमध्ये बसून हे वाचताना डोकं फिरतं. तेवढ्यापुरतं नाही, दर वेळी. कारण असं की त्या फोटोवर बोलणाऱ्या एकालाही त्या फोटोचा खर्च ठाऊक नसतो, आणि तो फोटो निघावा म्हणून त्या पोराने आधीचे नऊ महिने काय काय वेळेवर केलेलं असतं याची तर कल्पनाही नसते.

खर्चापासूनच सुरुवात करू. तळं बहुतेक श्लाख्टेन्झे असतं. एस-वन या लोकलने जाऊन उतरलं की रस्ता ओलांडून पाणी. उतरायला तिकीट नाही, कुंपण नाही. गाडीचं भाडं सत्राच्या वर्गणीत आधीच भरलेलं असतं : सबंध देशात चालणारं दॉइचलांडटिकेट २०२५ मध्ये महिना ५८ युरोंना होतं, विद्यार्थ्यांना ते साठ टक्क्यांत, म्हणजे ३४.८० ला. आइस्क्रीमचा एक गोळा दोन युरोंच्या आसपास. पाण्याची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत. जुलैच्या मध्यावर सूर्य सव्वानऊनंतर मावळतो, तेव्हा पाच वाजता ट्युटोरियल संपवून गेलं तरी चार तासांचा उजेड शिल्लक राहतो. पुण्यातल्या कुठल्याही मॉलमध्ये एवढ्या वेळात याच्या चौपट पैसे जातात, आणि तिथले फोटो बघून कुणी गहाणखत काढत नाही.

आता महिन्याचा हिशेब. व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, त्यातून दरमहा ९९२ सुटतात. वेगेतली, म्हणजे काही जणांनी मिळून घेतलेल्या घरातली, खोली नशीब असेल तर ५०० च्या घरात, आरोग्यविमा १४५ च्या आसपास, तिकिटासह सत्राची वर्गणी महिन्यावर वाटली तर पन्नास-साठ, खाणं हात आखडून दोनशे, फोन दहा. रुंडफुंकचे, म्हणजे सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचे, १८.३६ दर घरामागे असतात, माणसामागे नाहीत. तिघं राहत असतील तर सहा-सहा, पण तिघांपैकी कुणाच्या नावावर आहे हे पहिल्याच आठवड्यात ठरवून बाकीच्यांनी तसं कळवायचं, नाहीतर तिघांनाही स्वतंत्र पत्रं येतात. बेरीज केली तर हातात सत्तर-ऐंशी युरो उरतात. मजा म्हणतात ती एवढ्यात बसवायची असते, त्यात हिवाळी बूटही आलेच. हे शहर सत्तर युरोंत खूप काही देतं, हे मान्यच करायला हवं. ते कुठे मिळतं हे शोधायची अक्कल मात्र स्वतःची लागते.

आणि इथे मला पुण्याकडे बोट दाखवल्याशिवाय राहवत नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी जुलै-ऑगस्टमध्ये रात्री बारा-बारापर्यंत चालतात. सेट उचलणारी, प्रकाशयोजनेच्या वायरी गुंडाळणारी, लेक्चर बुडवणारी ती पोरं इंजिनिअरिंगचीच असतात. त्यांना सगळं शहर कौतुकाने म्हणतं, 'कॉलेज जगून घ्या.' तीच पोरं दोन वर्षांनी बर्लिनमध्ये फिलहार्मोनीच्या दुपारी एकच्या फुकट मैफिलीला पायऱ्यांवर बसली की ती ऐश ठरते. भरत नाट्य मंदिराच्या बाहेरचा चहा संस्कृतीत जमा होतो, इथली कॉफी मात्र उधळपट्टीत. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत महिना हजार-दीड हजार मोजून खुर्ची धरणारा मुलगा कष्टाळू, आणि इथल्या ग्रिम-त्सेन्ट्रुम लायब्ररीत फुकट बसणारा सुखवस्तू! फरक फक्त खिडकीतून काय दिसतं याचा आहे.

ग्रिम-त्सेन्ट्रुमचा विषय निघालाच आहे तर तिथे जरा थांबतो, कारण 'मजा' कशी चालते हे तिथे नीट दिसतं. हुम्बोल्ट विद्यापीठाची ही मध्यवर्ती लायब्ररी २००९ मध्ये उघडली. मधोमध पायऱ्यापायऱ्यांचं वाचनदालन, वर उजेडाचं छत. कोट आणि पिशवी आत नेता येत नाही, लॉकरमध्ये ठेवून वह्या, लॅपटॉप आणि पाण्याची बाटली हातात घेऊन शिरायचं. परीक्षांच्या हंगामात, म्हणजे फेब्रुवारीत आणि जुलैत, सकाळी दहानंतर जागा मिळत नाही. म्हणून तिथे पार्किंगला वापरतात तशी पुठ्ठ्याची तबकडी आहे : उठताना वेळ फिरवून टेबलावर ठेवायची, तासाच्या आत परतायचं. परत आला नाहीत तर दुसरा तुमच्या वह्या बाजूला सारून बसू शकतो, आणि त्याबद्दल भांडता येत नाही. आपली मुलं पहिल्या सत्रात वही ठेवून मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, जातात, दीड तास गप्पा मारतात आणि परत येऊन हबकतात. दुसऱ्या सत्रात त्यांना कळतं की तो एक तास हाच दिवसातला मैत्रीचा वेळ आहे. चौघं एकाच वेळी तबकड्या लावतात, एकत्र जेवतात, एकत्र परततात. अभ्यासाचा गट असाच जमतो, आणि जर्मनही तिथेच सुटतं, वर्गात नाही.

कारण अभ्यासाचं गणितच मुळी तसं मांडलेलं आहे. सत्राला ३० क्रेडिट, एका क्रेडिटमागे पंचवीस ते तीस तासांची मेहनत. तीस धरले तरी सहा महिन्यांत ९०० तास, आठवड्याला सरासरी पस्तीस. त्यात लेक्चर थोडी, बाकी सगळं स्वतःचं स्वतः. हजेरी बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, मधल्या चाचण्या थोड्याच, कुणी विचारत नाही. पंचाहत्तर टक्के हजेरी आणि सबमिशनच्या धाकात वाढलेला मुलगा ऑक्टोबरात या मोकळेपणाने खूश होतो आणि जानेवारीच्या शेवटी घाबरतो. परीक्षेची नोंदणी कोर्सच्या नोंदणीहून वेगळी असते, मुदत निघून गेली की कितीही अर्ज करा, बसता येत नाही. जिथे गुण सत्रभरातल्या लहान-लहान कामांवर वाटलेले असतात तिथे तर ही मुदत सुरुवातीच्या काही आठवड्यांतच संपते. साधारण तीनदा नापास झालं की त्या अभ्यासक्रमातून नाव कायमचं कटतं, आणि तोच विषय देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. व्हिसाही त्याच दोरीला बांधलेला.

यातून पार पडायचं तर जुन्या प्रश्नपत्रिका लागतात. त्या फाखशाफ्टकडे, म्हणजे विभागाच्या विद्यार्थी मंडळाकडे, असतात, आणि फाखशाफ्टमध्ये ओळखी लागतात. त्या ओळखी होतात ग्रिलवर, क्नाइपेत (बारमध्ये), तळ्यावर. म्हणजे काकांना खटकलेला तो शनिवार अभ्यासाच्या खर्चात टाकायचा की मजेच्या, हे काकांनीच सांगावं. खोलीत दार लावून 'फक्त अभ्यास' करणाऱ्याला ना कुठल्या प्राध्यापकाच्या तोंडी परीक्षेचा बाज ठाऊक, ना कुठला मॉड्यूल कुणाबरोबर घ्यायचा हे ठाऊक. असे फक्त अभ्यास करणारेच बऱ्याचदा चौथं सत्र सहाव्यापर्यंत ओढतात. प्रत्येक वाढीव सत्र म्हणजे आणखी सहा महिन्यांचं भाडं आणि विमा. फ्लॅट गहाण असेल तर मोजायचा खर्च तो आहे, आइस्क्रीमचा नाही.

जुन्यांच्या दाखल्याबद्दलही बोलायला हवं, कारण त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव फार सहज घेतलं जातं. १९२० नंतर लंडनमध्ये पैशांअभावी त्यांना अर्धपोटी राहून अभ्यास करावा लागला, हे खरंच आहे. पण ती उपासमार त्यांच्या विद्वत्तेच्या वाटेतला अडथळा होती, विद्वत्तेची अट नव्हती. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियाला गेलेल्या त्याच माणसाने पुढे १९३० मध्ये लिहिलं की आयुष्यात लाभलेले सर्वांत चांगले मित्र म्हणजे तिथले काही वर्गमित्र आणि तिथले थोर प्राध्यापक. हे वाक्य कुणी फोटोखाली टाकत नाही.

बर्लिनपुरतं बोलायचं तर आपल्याकडे इरावती कर्वे आहेत. १९२८ मध्ये त्या इथे आल्या, डालेममधल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या असमानतेवर काम केलं, आणि वंशश्रेष्ठत्वाच्या ज्या कल्पनेला मार्गदर्शकाला आधार हवा होता तो आपल्या मोजमापांतून मिळत नाही असं प्रबंधात मांडून १९३० मध्ये परत गेल्या. सासरे महर्षी कर्वे यांना त्यांचं जाणं पसंत नव्हतं, पती दिनकर कर्वे पाठीशी होते, आणि पैसे जीवराज मेहतांकडून कर्जाऊ घेतले होते. कर्ज काढून बर्लिनला येण्याची रीत मराठी घरात शंभर वर्षांची व्हायला आली आहे, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची नापसंतीही तेवढीच जुनी. ती इमारत अजून उभी आहे, ईनेश्ट्रासे २२. आता फ्राय विद्यापीठाच्या राज्यशास्त्राच्या ताब्यात आहे. यू-थ्री या मेट्रोने जाता येतं. वाद घालणाऱ्यांपैकी जे उन्हाळ्यात दहा दिवसांत सात देश करायला येतात, त्यांच्या यादीत ती कधी दिसली नाही.

या शहरात पाय रोवण्याची पहिली दोन-तीन महिन्यांची वाट मात्र खडतर आहे, आणि तिथे जे घसरतात त्यांचे तळ्याकाठचे फोटो येतच नाहीत. सगळ्याचं मूळ खोली. आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, राहायला आल्यापासून चौदा दिवसांत करायची, त्यासाठी घरमालकाची सही असलेला राहण्याचा दाखला हवा. तो मिळाला तर आनमेल्डुंग, मग टपालाने करक्रमांक, मग पगाराची नोकरी, मग निवासपरवाना. पहिली कडी नसेल तर पुढचं काहीच हलत नाही. म्हणून 'आनमेल्डुंग होणार नाही' असं लिहिलेली स्वस्त खोली ही सर्वांत महाग खोली. बुर्गरआम्टची, म्हणजे ही नोंदणी करणाऱ्या कार्यालयाची, वेळ आपल्याच भागातली शोधत बसू नये, शहरातल्या कुठल्याही शाखेत चालते. सकाळी लवकर साइट उघडली की रद्द झालेल्या वेळा दिसतात. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून (हीटिंग-पाणी वगळून) जास्त मागता येत नाही, तसा कायदाच आहे. आणि 'मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल' असं म्हणणारा मालक हा मालक नसतो. पुण्यात बसून खोली ठरवायच्या घाईत मुलं नेमकी इथेच फसतात, आणि ही घाई बहुधा आईवडिलांची असते, 'पोहोचल्यावर राहणार कुठे' म्हणून.

खोली मिळाली की स्वयंपाकघर. आपल्या मुलांचं इथलं सर्वांत मोठं सामाजिक संकट म्हणजे फोडणी, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. बर्लिनच्या घरांत खोल्यांमध्ये आणि बोळात धूरसूचक यंत्र बंधनकारक आहे, आणि वसतिगृहात ते बऱ्याचदा थेट अग्निशमन दलाशी जोडलेलं असतं. मोहरी तडतडली, मिरची करपली, धूर झाला की मुलगा पहिलं काय करतो, तर स्वयंपाकघराचं दार उघडतो. धूर बोळात जातो, यंत्र बोळात असतं, पाच मिनिटांत बंब खाली. नाहक बोलावल्याचं बिल शेकड्यांत येऊ शकतं, आणि सबंध मजला रात्री दहा वाजता पायजम्यात रस्त्यावर उभा राहून तुमच्याकडे बघतो. दार घट्ट लावायचं, खिडकी सताड उघडायची, तेल मध्यम आचेवर, मोहरीवर झाकण, मिरची गॅसवरून, म्हणजे इथे विजेच्या तव्यावरून, भांडं उतरवल्यावर. विजेची शेगडी बंद केली तरी दोन-तीन मिनिटं तापलेलीच राहते, करपतं ते त्यामुळे. आणि हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या पूर्ण उघडून हवा बदलायची. थंडी म्हणून बंद ठेवल्या की भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि डिपॉझिट तिथे जातं.

हे जमलं की तेच स्वयंपाकघर ओळखींचं घर होतं. चपातीला ४०५ नंबरचं पीठ घेतलं तर ती रबरासारखी ताणते, १०५० घ्यावं, अर्धं अख्ख्या गव्हाचं मिसळावं. श्रीखंडाला मागरक्वार्क (क्वार्क म्हणजे इथला चक्का, मागर म्हणजे बिनसायीचा) नको, तो कोरडा आणि रवाळ पडतो. पाकिटावर चाळीस टक्के फॅट लिहिलेला क्वार्क पाचशे ग्रॅम, फडक्यात तीन-चार तास टांगलेला, त्यात दीडशे ते दोनशे ग्रॅम पिठीसाखर, वेलची, केशर. एवढ्यावर शेजारच्या खोलीतला बव्हेरियन मुलगा तुम्हाला विजेचं पत्र वाचून दाखवतो. मेन्झात शाकाहाऱ्यांची आबाळ होते हे ऐकीव गाऱ्हाणं आता सोडून द्यावं; फ्राय विद्यापीठात २०१० पासून शाकाहारी मेन्झा आहे आणि हार्डेनबर्गश्ट्रासेवर टेऊची (तांत्रिक विद्यापीठाची) पूर्ण व्हीगन. आमच्या गावच्या वरण-भाताची सर त्याला नाही, पण मंगळवारी दुपारी सव्वा वाजता कुठल्या वरण-भाताला असते?

हिवाळा हा वेगळा विषय आहे, पण एवढं सांगतो. डिसेंबरात सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारच्या आत मावळतो. नोव्हेंबरात जी मुलं फोनवर 'बरं चाललंय' एवढंच म्हणतात, त्यांची काळजी करावी. फोटो टाकणाऱ्यांची नको. विद्यार्थी-सेवेकडे मोफत मानसिक समुपदेशन आहे, पण आपली मुलं तिथे फेब्रुवारीत जातात, जायला हवं असतं नोव्हेंबरात. उपाय साधेच आहेत : दुपारी बारा ते दोन बाहेर पडायचं, विद्यापीठाच्या क्रीडाकेंद्राचा एखादा वर्ग धरायचा. त्याची नोंदणी ठरल्या तारखेला ठरल्या मिनिटाला उघडते आणि बॅडमिंटन बघता बघता भरतं. पोहणं येत नसेल तर मोठ्यांसाठीचा नवशिक्यांचा वर्ग हिवाळ्यातच घ्यावा, कारण इथल्या तळ्यांचा तळ चार पावलांत सुटतो आणि उन्हाळ्यात शिकायला उशीर झालेला असतो.

आता ज्यांच्याविषयी वाद घालायलाच हवा, त्यांच्याविषयी कुणी घालत नाही. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत भारतीय विद्यार्थी सुमारे ४९,००० होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. ते सगळे काही फी नसलेल्या सरकारी विद्यापीठांत नाहीत. बर्लिनमध्ये एजंटांनी आणलेले, वर्षाला दहा-बारा हजार युरो फी भरून खाजगी संस्थांत बसलेले खूप आहेत. २०२५ मध्ये अशाच एका संस्थेतल्या भारतीय विद्यार्थ्यांना परवाने नाकारले गेले, कारण अभ्यासक्रमाला प्रत्यक्ष हजेरीची गरजच नाही असं परदेशी नागरिक कार्यालयाने ठरवलं. हप्ता फेडायला यातली कितीतरी मुलं रात्री अकरापर्यंत खाण्याचे डबे सायकलवरून पोहोचवतात, तेही कंत्राटदाराच्या कंत्राटदारामार्फत. कायदा वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करू देतो. विद्यापीठातली हिवीची, म्हणजे प्राध्यापकाच्या विद्यार्थी-मदतनिसाची, नोकरी या मोजणीत धरली जात नाही, आणि ती महिन्याला चाळीस, साठ किंवा ऐंशी तासांची, उबदार खोलीतली असते. ती मिळवायला मात्र प्राध्यापकाला तुमचा चेहरा माहीत असावा लागतो, आणि डबे पोहोचवणाऱ्याचा चेहरा प्राध्यापकाने पाहिलेलाच नसतो. मजा न करणारी, काकांच्या व्याख्येत बसणारी मुलं हीच. अशी मुलं काकांच्या नजरेस पडत नाहीत.

तेव्हा मजा ही इथे बऱ्याच अंशी जातीची, पैशाची, कुणाच्या घरी आधी कुणी परदेशी गेलं होतं याची गोष्ट आहे. ज्याला मामाने आधीच सांगितलेलं असतं की कुठल्या आठवड्यात यायचं, त्याचं बरं चालतं. हे लिहिलं की तळ्याकाठच्या मुलांची बाजू थोडी लंगडी पडते, पडू दे.

आणि खरं सांगायचं तर या वादाने आम्हा जुन्यांना एवढं झोंबायचं कारण ती मुलं नाहीतच. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात, त्या अठरा महिन्यांत आमच्यातले बहुतेक राहून गेले, आणि तोच प्रश्न आम्हाला पंधरा-पंधरा वर्षं विचारला जातो : 'कसली मजा आहे तिथे एवढी?' याचं उत्तर फोनवर देता येत नाही. टेम्पेलहोफच्या बंद झालेल्या विमानतळाची धावपट्टी २०१० पासून लोकांना सायकली चालवायला मोकळी आहे, आणि २०१४ मध्ये शहराने मतदान करून तिथे इमारती नकोत म्हटलं. हे सांगताना आम्हाला अभिमान वाटतो, जणू ते मतदान आम्हीच केलं. आमच्यापैकी बहुतेकांना तेव्हा मताचा हक्कच नव्हता. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या रस्त्याविरुद्ध लोक उभे राहिले तेव्हाही आम्ही इथून फक्त लाइक ठोकले. दोन्हीकडच्या मोकळ्या जागांवर आमचा जीव आणि दोन्हीकडच्या मतपेटीत आमचं काही नाही. म्हणून कुणी आमच्या सुखाचा हिशेब मागितला की आम्ही चिडतो.

आणि गंमत बघा, सप्टेंबरात नवी बॅच आली की आम्हीही काकाच होतो. गणपतीच्या हॉलमध्ये नव्या मुलांना कोपऱ्यात घेऊन 'इथे मजा करायला आलेला नाहीत, हे लक्षात ठेवा' हे वाक्य आमच्यातलं कुणीतरी म्हणतंच. कुकर आणा, शिट्टीची जास्तीची रबरी रिंग आणा, मसाला सामानाच्या बॅगेत ठेवा, याद्या लांबलचक. या याद्यांत एर्स्टीवोखे, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांचा आठवडा, कुठेच नसतो. ऑक्टोबरात लेक्चर सुरू होण्याआधीचा तो आठवडा, फाखशाफ्ट शहरभर फिरवतं, परीक्षांची नोंदणी कशी करायची ते दाखवतं, पुढच्या दोन वर्षांचे गट त्याच आठवड्यात पडतात. व्हिसा उशिरा आला किंवा दसरा घरी करून निघू म्हटलं की तो हुकतो, आणि नंतर आलेला मुलगा आपोआप इतर उशिरा आलेल्या भारतीयांच्या गटात जाऊन पडतो. वेळापत्रक सप्टेंबरात विभागाच्या साइटवर लागतं. विमानाचं तिकीट ते बघून काढावं, आणि परतीच्या तारखेचा विषय तेव्हा काढू नये.